हाजींच्या बेकरीतली आत्या

मसाका शहरातल्या आमच्या शाळेत मी नोकरीसाठी लागणारी कौशल्यं शिकवते, म्हणजे मुलांना कमी बोलायला शिकवते. मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की चारच वाक्यं: नाव, शिक्षण, काय येतं, काम का हवं. बाप-आजा-पणजा वर्ज्य. आमच्याकडे ओळख द्यायची ती कुळापासून, आणि कुळांना नावं प्राण्या-किड्यांची. सरावाला एक पोरगा खापरपणजापर्यंत पोचला तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती. मी त्याला खडू फेकून मारला.

हाजी सिराजेंच्या बेकरीत शाळेच्या मोठ्या सुट्टीपुरती शिकाऊ कामगाराची एकच जागा होती. माझी सतरा वर्षांची विद्यार्थिनी डमाली त्या जागेसाठी जीव टाकत होती. तिला पुढे स्वतःची बेकरी काढायची होती, आणि भट्टीची आच शिकवावी तर हाजींनीच. मी तिला घेऊन गेले आणि कोपऱ्यात बसले.

हाजी अठ्ठावन्न वर्षांचे, मिशीला पीठ लागलेलं. म्हणाले, "हं पोरी, सांग स्वतःबद्दल."

माणूस घाबरला की आईनं शिकवलेलं बोलतो, मास्तरणीनं शिकवलेलं नाही. वडीलधाऱ्यांपुढे टेकायचे तसे डमालीनं गुडघे टेकले. "मी डमाली. कूळ नाकतोड्याचं. एरिसाची मुलगी, कायोंगाची नात..."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"थांब," हाजी म्हणाले. "कुठला कायोंगा? सहा बायकांचा?"

"हो. धाकटीचा धाकटा मुलगा म्हणजे माझे वडील."

हाजींनी बोटांवर नाती मोजली. पुन्हा मोजली. मग खुर्चीतून उठलेच. "थोरलीचा थोरला तो माझा आजा. म्हणजे तुझे वडील माझे चुलत आजोबा, आणि तू... तुम्ही माझ्या आत्या. उठा आत्या, भाच्यापुढे गुडघे कसले टेकता?"

त्यांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, सोडा आणून दिला. मला वाटलं, काम फत्ते. पण हाजी माझ्याकडे वळून मान हलवायला लागले.

"मॅडम, हे जमणार नाही. आत्याला पीठ मळायला लावू? चुकल्या तर रागावू? कुळातले लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आत्या, तुम्ही रोज या, बसा, पाव खा."

डमालीचा चेहरा पडला. ती पाव खायला आलीच नव्हती. मलाही फार वाईट वाटलं, आणि त्या सहा बायकांच्या कायोंगाचा रागही आला.

तेवढ्यात तिनं बाटली खाली ठेवली. "आत्याचा शब्द मोडतात का?"

"छे, छे."

"मग ऐक सिराजे. सोमवारपासून मी इथे पीठ मळणार. तू शिकवायचंस. चुकले तर रागवायचंस."

"होय आत्या," हाजी म्हणाले. एवढ्या जरबेनं वर्गात मीसुद्धा कधी बोललेले नाही.

सोमवारी मी बघायला गेले. पावांची पहिली खेप पार करपलेली, आणि हाजी भट्टीपाशी अवघडून उभे.

"आत्या, रागावू का?"

"रागाव."

मग त्यांनी तिला असं काही फैलावर घेतलं की रस्त्यावरच्या मोटरसायकलवाल्यांनी इंजिनं बंद करून ऐकलं. डमाली मान खाली घालून उभी होती, आणि हसू काही केल्या तिला आवरत नव्हतं.