नरसिंगची गाठ

चिंचोलीत माणूस गेला की पहिला निरोप नरसिंगला जायचा आणि दुसरा नातेवाइकांना. रडायला घाई नसते, पण बांबू, सुतळी आणि मडकं यांना असते. नरसिंग उदगीरच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी आवळायचा, त्यामुळे दोरी त्याच्या हाताचं ऐकायची. तिरडी तो अशी बांधायचा की स्मशानापर्यंत एक काडी हलत नसे, आणि हे सगळं फुकट. लिंगायतांच्या घरची रीत वेगळी. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. न बसणाऱ्या माणसाला बसतं ठेवणं हे काही सोपं काम नाही, आणि त्यासाठी नरसिंगला आसपासच्या गावांतूनही बोलावणं यायचं.

गुरुलिंगअप्पांचा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याला नरसिंगनेच बसवलं होतं. अप्पा रडत होते, पण रडता रडता बारकाईने बघतही होते. माती देऊन परतताना त्यांनी नरसिंगला बाजूला घेतलं.

"मान जरा बी कलली न्हाई बघ. माझ्या वक्ताला बी तूच."

"हाव अप्पा," नरसिंग म्हणाला. एवढ्यावर व्यवहार ठरला आणि दोघांनाही बरं वाटलं.

या कामात एक खोट होती. मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, आणि घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. नरसिंग लोकांच्या घरी जायचा तो बहुतेक मयतालाच. त्यामुळे गावात त्याला कुणी 'ये' म्हणत नसे आणि 'येतो' म्हणायची त्याची सवयच मोडली होती. स्वतःच्या घरातूनसुद्धा तो तसाच मुकाट चालू पडायचा. मग त्याची बायको सिंधू दारातून ओरडायची, "अवो, मी अजून हाय म्हनलं!"

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा नवा, पाट्या नव्या, साहेब नवे. पाऊस जुन्या जिल्ह्यातही नव्हता, तो नव्यातही आला नाही. कापूस पिकला नाही म्हणून जिनिंग बंद पडलं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी नरसिंगच्या हाताला काम उरलं ते फक्त फुकटचं. दुष्काळी कामांवर मात्र सगळा तालुका लोटला होता. कुठे सुरुंगाचा दगड लागायचा, कुठे दरड अंगावर यायची. म्हणून नव्या जिल्ह्याने अशा कामांवर दवाखान्याची गाडी उभी करायचं ठरवलं आणि गाडीवर मदतनीस नेमायला काढले. निवडलेल्यांनी आधी नांदेडला दोन महिने शिकायचं होतं.

"मेलेली उचलता, जिती उचलायला काय जड हाय?" सिंधू म्हणाली.

नरसिंगलाही तसंच वाटलं होतं. पण ते खरं नव्हतं.

नांदेडच्या त्या वर्गात तो सगळ्यांत मोठा. बाकीची पोरं त्याला 'काका' म्हणायची आणि सरावाच्या वेळी पेशंट व्हायला सांगायची. शिकवायला सिस्टर सुमनबाई सोनकांबळे होत्या. बाई वयाने नरसिंगएवढ्याच, पण आवाज असा की वॉर्डातले गुंगीत पडलेले पेशंटही उठून बसायचे. पहिल्याच आठवड्यात नरसिंगने एका पोराला स्ट्रेचरवर बांधलं. बांधणी बघायला वर्ग गोळा झाला. पोराचा चेहरा जांभळा होऊ लागला तेव्हा सिस्टरनी कात्री मागवली.

"नरसिंगराव, हा जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "श्वास घ्यायला जागा ठेवायची असते."

"ध्यानात न्हाई राह्यलं सिस्टर."

चादरीचं तर विचारूच नका. पेशंटला पांघरूण घालताना नरसिंगचा हात छातीशी थांबायचाच नाही, सरळ तोंडापर्यंत जायचा. सिस्टर मागून ओरडायच्या, "छातीपर्यंत!" शेवटी शेवटी तो रात्री खोलीवर झोपतानाही स्वतःशी 'छातीपर्यंत' म्हणायचा आणि मगच चादर ओढायचा. बाकी रक्त थांबवणं, मोडलेल्या हाडाला फळी लावणं, नाडी बघणं हे त्याला जमलं. नाडीचं त्याला फार नवल वाटे. इतकी वर्षं त्याने इतक्या लोकांची मनगटं धरली होती, पण तिथे काही चालू असतं हे बोटाला कधी कळलंच नव्हतं.

परीक्षा पास झाला. गाडी मिळाली तीही आपल्याच भागातल्या पाझर तलावाच्या कामावर. नव्या जिल्ह्याला माणसं कमी म्हणून सिस्टरचीही बदली इकडेच झाली होती. पहिले तीन महिने कच्ची नेमणूक होती, आणि पुढे ठेवायचं की नाही हे सिस्टर सांगतील त्यावर होतं.

मग जे व्हायचं तेच झालं. तलावावर एकाचा पाय मोडला. नरसिंग फळ्या घेऊन धावत गेला. त्याला येताना बघून त्या गड्याच्या आईने तिथेच हंबरडा फोडला. गडी बिचारा दुखणं विसरला आणि म्हणाला, "मला खरं खरं सांगा, काय झालंय?" दुसऱ्या एका बाईला उन्हाने भोवळ आली होती. शुद्धीवर येऊन तिने डोळे उघडले, समोर नरसिंग दिसला आणि तिने ते पुन्हा मिटले. लोक गाडीच्या ड्रायव्हरला, सटवाजीला, हळूच सांगू लागले, "गाडी आण बाबा, पण त्याला काहून आणतोस?"

सिस्टरनी एक दिवस त्याला समोर बसवलं.

"काम तुम्हाला येतं. पण पेशंट हातच लावू देत नसेल तर मी वर काय सांगू?"

नरसिंगला नोकरी जाईल याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त हे लागलं होतं की जित्या माणसाच्या दारात आपल्याला उभं राहता येत नाही. नाडी बघायला शिकल्यापासून त्याला मेलेल्यांत परत जायचं नव्हतं. हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही, सिंधूलाही नाही.

तीन महिने भरत आले होते. एका दुपारी पाण्याचा टँकरवाला तलावावर गाडी थांबवून ओरडला, "चिंचोलीत गुरुलिंगअप्पाच्या छातीत कळ निघालीय! बसल्या जागी घामानं थबथबलेत."

गाडी चिंचोलीत शिरली तेव्हा गावात पुरुषमाणूस नावाला नव्हता, सगळे कामावर. अप्पांच्या दारात बायका जमल्या होत्या. गाडीतून आधी सिस्टर उतरल्या, तोवर ठीक होतं. मागून नरसिंग उतरला आणि बायकांनी एकदम गळा काढला. एक म्हातारी तर लगेच म्हणाली, "मातीच्या विधीला स्वामींना निरोप धाडा गं कुणीतरी."

अप्पा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळसर, श्वास अर्ध्यावरून परतत होता. त्यांनी नरसिंगकडे बघितलं.

"आपलं... ठरलं हुतं ते... मेल्यावर यायचं," अप्पा म्हणाले.

"आज गाडीवर आलोय अप्पा. दवाखान्यात जायचंय."

सिस्टरनी नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "आडवं करायचं नाही. श्वास कोंडेल. खुर्चीत बसवून न्यायचं. नरसिंगराव, खुर्ची आणि पट्टे."

कोपऱ्यात हातांची लाकडी खुर्ची होती. सटवाजीने ती उचलली, नरसिंगने पट्टे घेतले. एवढ्यात अप्पांची बायको नागम्मा खुर्ची आणि नवरा यांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

सिस्टरचा चेहरा ताठ झाला. हे वाक्य त्यांनी आयुष्यात बऱ्याच दारांत ऐकलं होतं. "बाई, मी नर्स आहे," त्या म्हणाल्या.

"तुमाला न्हाई हो ताई. तुमी धरा की त्यांना. खुर्चीत बसवून बांधायचं न्हाई. आन त्यानं तर न्हाईच न्हाई. नरसिंग, तुला ठाऊक हाय!"

नरसिंगला ठाऊक होतं. याच सोप्यात त्याने अप्पांच्या भावाला बसवून बांधलं होतं. जो उपाय अप्पांना वाचवणार होता, तीच या घरातून शेवटची जायची रीत होती, आणि वर ती करायला माणूसही तोच आलेला. त्याने सिस्टरना दोन वाक्यांत सांगितलं.

"आडवं नेलं तर वाटेत जातील," त्या हळूच म्हणाल्या.

अप्पांनी ते ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटायला लागले. जायचंच आहे तर आपल्या जागेवरून जाऊ, असं त्या मानेत स्पष्ट होतं. बायकांचा आवाज वाढला. आपण गाडीतच बसून राहिलो असतो तर अप्पा एव्हाना गाडीत असते, असं नरसिंगला वाटलं.

त्याने पट्टे जमिनीवर टाकले.

"अप्पा, बांधत न्हाई. मेलेल्याला बांधावं लागतं, त्याला धरता येत न्हाई म्हनून. तुमी धरा."

"काय... धरू?"

"मला."

तो अप्पांसमोर उकिडवा बसला आणि त्यांचे दोन्ही हात उचलून त्याने आपल्या मानेमागे नेले. नागम्मा बाजूला झाली की नाही हे कुणी बघितलं नाही, पण खुर्ची आत आली. अप्पांना बसवलं. सटवाजीने मागून पाठ धरली, नरसिंगने पुढून खुर्चीचे पाय.

"पट्टा बांधा! पायऱ्या उंच आहेत. पडले तर?" सिस्टर म्हणाल्या.

"ते पडले तर मी बी पडंन सिस्टर."

नियमाप्रमाणे हे साफ चूक होतं आणि सिस्टरना ते पटलंही नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी एका बाजूने अप्पांचा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "चला."

नरसिंग उलटा चालत दारातून बाहेर आला. तोंड अप्पांकडे, पाठ पायऱ्यांकडे. अप्पांचा श्वास त्याच्या कपाळावर येत होता. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. मग मानेमागचे हात सैल पडू लागले. खुर्ची पुढे कलली.

"अप्पा, हात!"

हात आणखी सुटले.

"अरे धर! धर म्हनतो ना गुरुलिंग!"

आयुष्यात अप्पांना त्याने अरे म्हटलं नव्हतं. गावातही कुणी म्हणत नसे, म्हणणारे कधीच गेले होते. अप्पांनी डोळे उघडले आणि रागाने त्याच्या मानेत बोटं रुतवली. नखं लागली. नरसिंगला ते इतकं बरं वाटलं की खाली पोचेपर्यंत त्याला रडू आवरेना. आजवर त्याने इतकी माणसं उचलली, पण त्याला धरणारं हे पहिलंच होतं.

गाडीत अप्पांना टेकवून बसवलं, ऑक्सिजन लावला. नरसिंगने चादर घातली. छातीपर्यंत.

उदगीरच्या दवाखान्यात अप्पा वाचले. संध्याकाळी ओसरीवर सिस्टर म्हणाल्या, "पट्टा न बांधणं ही चूकच होती. मी ते वर सांगणार आहे."

"हाव."

"पुन्हा असं चालणार नाही."

"न्हाई."

"उद्या वेळेवर या," म्हणून सिस्टर निघून गेल्या. जरा वेळाने नरसिंगला कळलं की आपली नोकरी पक्की झाली आहे.

अप्पा घरी आल्यावर त्यांनी नरसिंगला बोलावून घेतलं. ते त्याच खुर्चीत बसले होते. नरसिंग दारातच उभा राहिला.

"मला अरे म्हनलास तू."

"चुकलं अप्पा."

"चुकलंच. बस." अप्पांनी हाताने आत खुणावलं. "आपलं ते ठरलं हुतं ना, ते मोडलं समज. गाठ दुसऱ्या कुनाला तरी शिकीव. माझ्या वक्ताला त्यो येईल."

नरसिंगला इतक्या वर्षांचा मान काढून घेतल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखंही.

"मग मी?"

"तू त्याच्या अगुदर यायचं. गाडी घिऊन."

नागम्माने चहा आणला. या घरात चहा प्यायची नरसिंगची ही पहिलीच वेळ. कप खाली ठेवून तो उठला आणि सवयीप्रमाणे मुकाट पायऱ्या उतरू लागला. त्याच्या मानेवरची खपली अजून निघाली नव्हती. नागम्माला ती मागून दिसली.

"नरसिंग," ती दारातून म्हणाली, "येत जा."

तो पायरीवरच थांबला. मागे वळला.

"येतो अक्का," तो म्हणाला.