तिला श्वास घेऊ दे

"बाबा, मी चीज घेऊन येतो!" दारातून जावई ओरडला. "तोवर तिला मोकळं ठेवा. जरा श्वास घेऊ दे."

माझी लेक टेबलं पुसत होती. दोघांचं छोटं रेस्टॉरंट. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन द्यायची, हे ती ठरवायची, आणि ते सगळं तिच्या नाकावर चालायचं. पण तापातून उठली तेव्हापासून नाक मेलं होतं. कांदा करपला तरी कळायचं नाही. सकाळीच म्हणाली होती, "आज ती इटलीची रेड चाखते. तिचाही वास आला नाही, तर हे काम सोडलं. उगाच लोकांना फसवायचं नाही."

मला वाटलं, जावयाचं बरोबर आहे. पोरीच्या हातातलं फडकं घेतलं आणि तिला मागच्या अंगणात उन्हात नेऊन बसवलं. टेबलावर ती बाटली उघडीच होती. माशी पडेल म्हणून तिचं बूच दाबून बसवलं.

जावई आला. "बूच कुणी लावलं?"

"मी. का?"

"अहो, श्वास घेऊ दे म्हटलं होतं ना!"

"घेतेय की. मागं उन्हात बसलीय."

त्यानं कपाळावर हात मारला. "मी वाइनचं बोलत होतो! हवा लागली की तिचा वास खुलतो."

"मग नाव घ्यायचं, जावईबापू! नुसतं ती ती केलं तर माझ्या डोळ्यांपुढं माझी लेकच येणार."

मागून लेकीचं हसू ऐकू आलं. तापानंतर पहिल्यांदाच इतकी मोठ्यानं हसली.

"आता तशीच ओत," आत येत ती नवऱ्याला म्हणाली. "उरलेली रुंद तोंडाच्या जगमध्ये काढून ठेव."

पेल्यातला रंग इतका गडद की पलीकडचं बोट दिसेना. तिनं वास घेतला आणि मान हलवली. नाही. मग घोट घेतला. तोंड आवळलं. "बाबा, ही तर जीभ धरून ठेवते."

मलाही एक घोट दिला. गालांची आतली बाजू खरखरीत झाली. मी जन्मभर जोडे शिवले. उमेदवारीत कातडं कमावायच्या हौदावर होतो. तिथं झाडाची साल भिजवलेलं पाणी असायचं. एकदा बोट बुडवून चाटलं होतं, तेव्हा जीभ अशीच आखडली होती.

"हा तर सालीच्या पाण्याचा तुरटपणा," मी म्हटलं.

"तोच, बाबा. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतो."

मी पेल्याकडे बघतच राहिलो. जनावराच्या कातड्याला जे घट्ट करतं, ते एवढ्याशा द्राक्षात!

तिनं आधी माशाचा तुकडा खाऊन घोट घेतला आणि बशी दूर सारली. "लोखंड चाटल्यासारखं लागतं." मग मंद आचेवर शिजलेलं मटण घेतलं. हाडापासून सुटलेलं, चरबीनं चकाकणारं. त्यावर घोट. तिच्या भुवया वर गेल्या.

"सुटली! पकड सुटली!"

"सुटणारच. कमावलेल्या कातड्यालाही शेवटी चरबी चोळतात," मी म्हटलं. "नाहीतर तडकतं."

जावई माझ्याकडे बघत राहिला, मी त्या मटणाकडे.

जेवण होत आलं तेव्हा तिनं जगमधली वाइन ओतली. पेल्यात नाक घातलं आणि तशीच थांबली.

"बाबा, तुम्ही बाहेर जा."

"का गं?"

"तुमच्या दुकानाचा वास येतोय."

"दुकान कधीच बंद झालं. आणि मी आंघोळ केलीय!"

"जा ना!"

मी अंगणात गेलो, दार लावून घेतलं. खिडकीच्या काचेतून दिसत होतं. जावई हातातला डाव तसाच धरून उभा. ती पुन्हा पेल्यावर वाकली. किती वेळ! मी काचेला नाक चिकटवलं.

दार उघडलं. तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही नव्हता, तरी आला. नवं कातडं, दोऱ्याचं मेण. त्याच्यामागं सुकलेली चेरी. बाबा, सगळं आहे त्यात."

मी आत जाऊन पेला उजेडात धरला. कुठल्या परक्या डोंगरावरची वेल ती. तिनं माझं दुकान कधी पाहिलं नाही, आणि माझ्या लेकीला तेच परत आणून दिलं. माझ्या अंगावर काटा आला.

"हिच्याबरोबर मटणच," ती नवऱ्याला म्हणाली. "मासा अजिबात नको. कडक चीज शेवटी." आवाज अगदी पूर्वीसारखा. मग माझ्याकडे वळली. "आणि बाबा, आता बूच लावू नका हं."

मी बूच खिशात टाकलं आणि जगवरच्या माशा हाकत बसलो.