दळवीसरांच्या पुंगळ्या

लखमा गोजराने शिकाऱ्यांसाठी रान उठवले, त्याच्या भगीरथाने त्यांच्या बंदुका वाहिल्या, आणि भगीरथाच्या दामूने मुरबाडजवळच्या नेमबाजी मैदानावर काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचल्या. तिघांपैकी एकानेही कधी घोडा ओढला नाही. दामूची लेक अनिता मात्र आज नेमबाजांची पांढरी रेघ ओलांडून उभी होती, आणि क्लबचा चिटणीस शेखर तिला मागे व्हायला सांगत होता.

काम तिचे बापाच्या पुढचे. उडालेल्या पुंगळ्या धुवायच्या, तेलाचा हात फिरवायचा, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायच्या. बार उडाला की पुंगळी फुगते आणि त्या बंदुकीच्या पोटाचा आकार घेते. क्लबातल्या जुन्या नेमबाज दळवीसरांचा दंडक असा की, माझ्या पुंगळ्यांची फक्त तोंडाजवळची मान दाबायची, अंगाला हात लावायचा नाही. नवखेपणी अनिताने त्या सगळ्याच्या सगळ्या इतरांसारख्या पूर्ण साच्यातून काढल्या आणि तो आकार पुसून टाकला. ऐन स्पर्धेत सरांचा नेम विखुरला. तिला काढून टाका, असे क्लबातल्या चौघांनी सांगितले. सरांनी काढले नाही, की त्या गोष्टीचा पुन्हा उच्चारही केला नाही. ते न बोलणेच तिला आयुष्यभर टोचत राहिले.

आता ती कामावरून निवृत्त होत होती. तेव्हा बिघडवल्या होत्या तेवढ्याच नव्या पुंगळ्या तिने स्वतःच्या पगारातून आणल्या, सरांनी त्यांत दारू-गोळी आपल्या एका हाताने भरली. पण सरांच्या बंदुकीतून उडाल्याखेरीज त्या सरांच्या होणार नव्हत्या, आणि सरांचा दुसरा हात खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर झोळीत होता. क्लबातली पोरे उडवतील की, असे शेखरने सुचवून पाहिले.

"चूक माझी, तर खांदाबी माझाच लागंल," अनिता म्हणाली.

"मावशी, लाइनवर कामगार चालत नाही. आणि सरांनी कधी मागितल्या का तुमच्याकडे?"

"मागितल्या नाय म्हणून फिटलं का रे? आन् कामगार कोण? गेल्या महिन्यात शिकाऊ सभासद झालेय मी. फी तूच घेतलीस."

शेखरला वाटले होते, ती नातीसाठी भरत असेल. तो रेघेवरून बाजूला झाला.

खुर्चीवर बसलेले सर समजुतीने म्हणाले, "अनिता, मी ते केव्हाच सोडून दिलं."

"तुमी सोडलंत सर. मी नाय सोडलं."

 मग सर उठले, कानावरची टोपणे आणि आपली बंदूक स्वतः तिच्या हाती दिली आणि शेजारी उभे राहिले. पहिल्या बाराला ती मागे कोलमडली. कोणी हसले, तिने वळूनही पाहिले नाही. मग पाय रोवले. उन्हे कलेपर्यंत मैदान दणाणत राहिले. खांदा काळानिळा पडला, तरी बंदूक तिने दुसऱ्याच्या हाती जाऊ दिली नाही.

उडालेल्या पुंगळ्या घेऊन ती आपल्या बाकाशी गेली. एकेक साच्यात चढवली, मान तेवढी दाबली, पुसून सरांसमोर ठेवली. सरांनी एक उचलून बंदुकीत सारली. बंद करताना खटका अडला नाही, सैलही पडला नाही; पुंगळी नेमकी बसली.

"फिटलं," सर म्हणाले. "सगळं."

आणि सामना संपल्यावर नेमबाज एकमेकांना देतात तसा त्यांनी आपला मोकळा हात पुढे केला. अनिताने तो ताठ मानेने हातात घेतला.