एवढा एक घास

बारकीला घरात कुणी कधी शहाणी म्हटलं नव्हतं. भावंडांत सगळ्यात धाकटी, म्हणून बारकी. शिष्यवृत्ती मिळवून ती समाजकार्य शिकायला परदेशी निघाली, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "हिला साधा चहा उतू न घालवता करता येत नाही, ही जगाचं काय भलं करणार!"

तिकडे वर्गात तर तिची बोलतीच बंद झाली. तिथली भाषा कानात शिरायची, पण तोंडातून निघायची नाही. तिचा जीव रमला तो एकाच ठिकाणी. लकवा झालेल्या माणसांना पुन्हा हिंडतं-फिरतं करणारं एक केंद्र होतं, तिथे ती दुपारी बिनपगारी मदतीला जायची. तिच्या वाट्याला आली एक म्हातारी शिंपीणबाई. बाईचा डावा हात संधिवाताने आधीच आखडलेला, उजवा लकव्याने लुळा पडलेला. त्यात आता कुठे थोडा जीव येत होता. मुलगा बेकरीत कामाला, पहाटे जायचा तो संध्याकाळी उगवायचा. घरात दुसरं कुणी नाही. आईला आपल्या हाताने जेवता आलं तरच तो तिला घरी नेऊ शकणार होता. नाही तर केंद्राच्या मागच्या इमारतीत, वृद्धाश्रमात, कायमचा मुक्काम. घरी कधी जायचं, याखेरीज म्हातारी दुसरं काही बोलतच नसे.

"भरवायचं नाही," व्यायाम घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. "सांडू दे, रडू दे, तासभर लागू दे. तुम्ही फक्त शेजारी बसा."

बारकीने मान डोलावली आणि मनात म्हणाली, काय दगडाच्या काळजाची माणसं ही! तिचे आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना घास भरवायला घरात चढाओढ लागायची. आणि इथे म्हातारीच्या हनुवटीवरून सूप ओघळत असताना आपण हातावर हात धरून बसायचं? बाईंची पाठ वळली की बारकी चमचा हातात घ्यायची. "एवढा एक घास," असं चक्क मराठीत म्हणायची. म्हातारीला भाषा कळत नव्हती, माया कळत होती. ती मुकाट्याने तोंड उघडायची.

"आई, इथे एका आजींचं माझ्यावाचून पान हलत नाही," बारकीने फोनवर सांगितलं. आईने ते गल्लीभर केलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी ताट पुढे ठेवलं. शिंपीणबाईने चमच्याकडे पाहिलं, मग बारकीकडे. हात मांडीवरून उठलाच नाही. व्यायामाच्या बाई चक्रावल्या. "ताट तर रोज रिकामं दिसायचं!"

बारकीला सगळं कळलं, आणि आता कळून काय उपयोग! तिने तिथल्या तिथे कबुली दिली. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हात वळायचे दिवस होते ते," एवढंच म्हणाल्या. "आता कठीण आहे."

मुलगा पिठाच्या कपड्यांतच धावत आला. आईसाठी त्याने खोली रंगवून घेतली होती. बारकीने मोडक्यातोडक्या भाषेत त्यालाही खरं ते सांगितलं. त्याने अगदी सरळपणे विचारलं, "तुम्ही याल का दुपारी आमच्या घरी भरवायला? रोज?"

पूर्वीची बारकी हो म्हणून मोकळी झाली असती. पण शिक्षण संपलं की तिला परत जायचं होतं, आणि म्हातारी त्यानंतरही जेवणार होती.

"नाही," ती म्हणाली. तो मान खाली घालून आईचं सामान मागच्या इमारतीत पोचवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ती तिथे गेली. शिंपीणबाईचा चेहरा तिला पाहून खुलला. जेवण आलं. बारकी शेजारी बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. सूप निवत चाललं. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं आणि मोठ्या विश्वासाने तोंड उघडलं.