पांढरा झोन

शर्मिलाच्या संगणकावर जिल्हा हळूहळू रंगत होता. सदाशिव पेठेत दुपारी एक ते चार दुकानं बंद. खालच्या क्लासची पोरं पांगलेली, जिन्यातलं कुत्रंसुद्धा शिस्तीत झोपलेलं. अशा वेळी पडद्याकडे फार वेळ पाहिलं की माणूस पडद्याच्या आत उतरतो. शर्मिला तर दोन महिने आतच राहत होती म्हणा ना.

सांगायला काम सोपं होतं. यवतमाळकडच्या साडेतीनशे गावांत, कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावले होते. सापळ्यात मादीच्या वासाची एक रबरी गोळी ठेवायची. वासाला भुलून बोंडअळीचे नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. दर आठवड्याला ते मोजून आकडा पुण्याला कळवायचा. त्या आकड्यांवरून झोन पाडायचे. लाल झोनमध्ये पथकं जाणार, फवारणी सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायची, हंगाम संपताच पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायच्या. पिवळ्यात थोडं कमी. पांढऱ्यात काहीच नाही, कारण तिथे कीडच नाही. उद्या सकाळी नकाशा समितीपुढे जाणार होता. एकदा मंजूर झाला की तीन वर्षं त्याला कोणी हात लावणार नव्हतं.

आणि लाल रंगाच्या ऐन मध्यात बावीस गावांचा पांढराशुभ्र तुकडा होता. शून्य, शून्य, शून्य. त्यात शर्मिलाचं बोरजईही होतं.

"चहूबाजूंनी वणवा आणि मधे तुळशीवृंदावन," प्रकल्पाच्या प्रमुख शैलाताई सकाळीच म्हणाल्या होत्या. त्यांची हयात किड्यांत गेली होती, माणसांशी त्या गरजेपुरतंच बोलत. "सुंदर आहे. माझा विश्वास मात्र बसत नाही."

शर्मिलाला तो तुकडा आवडायचा, खरंच आवडायचा. ती बघत बसली की लाल गावांतून पतंग उठायचे, चांदण्यासारखे फिके, आणि त्या पांढऱ्याच्या कडेशी येऊन मागे वळायचे. आत कपाशी फुटलेली. वाराही दबकत चाललेला. आज तिनं त्या कडेवरून बोट फिरवलं. कड नदीची नव्हती, डोंगराची नव्हती, जमिनीच्या प्रकाराचीही नव्हती. बोरजईहून निघाली, नाल्याच्या पुलावर वळली, तीन गावं घेत गिट्टीच्या सडकेला लागली. इथे चढ आहे, इथे उतरून चालावं लागतं, हे तिच्या पायांना आधी आठवलं. ती सहा वर्षांची होती, सायकलच्या दांडीवर बसलेली. मागून बाबांचा श्वास लागत होता आणि कानाशी घंटी वाजत होती.

तो तुकडा म्हणजे बाबांची सायकल एका दिवसात जाऊन परत येईल, एवढा प्रदेश होता.

दशरथ वाळके, निवृत्त शिक्षक. या बावीस गावांना सापळे कसे वापरायचे ते त्यांनीच शिकवलं होतं, हौसेनं. पोरगी पुण्यात नकाशा करते म्हटल्यावर माणूस घरी कसा बसेल! शर्मिलानं घरी फोन लावला.

"जयभीम, बाबा. सापळ्यातली गोळी कधी बदलली तुम्ही?"

"बदलाची काय गरज? फोडलीच नाई अजून."

"म्हणजे?"

"पाकीट बंद हाय ना. पतंग दिसले का मंग फोडू. आधीच फोडून वास काहून वाया घालवाचा? बावीसही गावाइले म्या तसंच सांगतलं. एकानंबी फोडली नाई, पाय."

किती अभिमानानं सांगत होते! खडूचे तुकडे डबीत जपणारा, कोऱ्या वहीची उरलेली पानं शिवून नवी वही करणारा हा माणूस. त्याचा तिला राग आला आणि त्याच क्षणी मायाही दाटली. मग तिनं सांगितलं. गोळीच पतंगांना बोलावते, बाबा. पाकीट बंद असेल तर ते येणारच नाहीत, शेत अळ्यांनी भरलं तरी.

"अस्सं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शर्मिला शैलाताईंकडे गेली. बावीस गावांत गोळ्याच लावल्या नव्हत्या, एवढंच बोलली. कोणामुळे, ते तोंडातून निघालं नाही.

"म्हणजे हयगय. ज्या गावानं सापळा चालवला नाही ते योजनेतून बाहेर, नियम आहे," शैलाताई म्हणाल्या. "हयगय नसेल तर कारण लेखी द्या, जबाबदार माणसाच्या नावासकट. नियम मी केलेला नाही, नाहीतर बरा केला असता."

शर्मिला जागेवर येऊन बसली. नाव लिहिलं तर उद्या समितीत बाबांचं हसं. नाही लिहिलं तर बावीस गावं तीन वर्षं वाऱ्यावर. पडद्यावरचे पतंग आता कडेशी थांबत नव्हते, खुशाल आत शिरत होते. फोन वाजला.

"शर्मिला, माह्या ध्यानात आलं सारं. गावाइवर तं नाई ना येत?"

तिनं नियम सांगितला.

"मंग माहं नाव लिही. लोकाइनं माहं आयकलं, त्याइची काय चूक? बाप हाय म्हणून गाळू नको."

"बाबा, छापलं जाईल ते."

"जाऊ दे. पुरं नाव लिही, दशरथ सोमाजी. अन् म्होरं शिक्षक लिही."

"शिक्षक नको ना, बाबा."

"शिकवताना चुकलो मी. शिक्षकच लिहा लागते."

बावीस गावांच्या यादीवर नियमानुसार 'वगळावीत' असा शेरा आधीच पडला होता; त्याखाली तिनं लिहिलं. एक ओळ टंकायला इतका वेळ तिला कधी लागला नव्हता. बावीस गावांचा पांढरा रंग काढून तिथे तिरप्या रेघा भरल्या, 'फेरमोजणी आवश्यक', आणि यादी छापून तो कागद शैलाताईंपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे दशरथ सोमाजी वाळके, शिक्षक. यांनी आपणहून नाव दिलं?"

"हो."

"कोण आहेत हे?"

"माझे वडील," शर्मिला म्हणाली.

शैलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पेन उघडून वरच्या शेऱ्यातला 'वगळावीत' हा शब्द खोडला आणि त्याच ओळीखाली, वाळके गुरुजींच्या नावाशेजारी, आपली सही केली.