मातोश्रींचं प्रतिमापूजन

चित्रकलेच्या कॉलेजात तीन वर्षं काढल्यावर कहकशाला एक गोष्ट पक्की येत होती: दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर सरळ टांगणं. तिच्या अब्बांचं, नूर महंमद यांचं, धुळ्यात काच-फ्रेमचं दुकान. त्यामुळे हातोडी कशी धरायची हे तिला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. धुळ्याच्याच देवपूर भागातल्या त्या कॉलेजचे विभागप्रमुख सुकदेव सर यांनी ही गोष्ट पहिल्याच वर्षी हेरली. तेव्हापासून धुळे असो, नाशिक असो, सरांचं प्रदर्शन म्हटलं की हूक, दोरी, टेप आणि कहकशा एवढं सामान टेम्पोत सगळ्यात आधी चढायचं.

या निमित्ताने तिने गॅलऱ्या पुष्कळ पाहिल्या. खरं सांगायचं तर चित्रांपेक्षा चित्रं पाहणारेच जास्त पाहिले. मुंबईला सहल गेली होती तेव्हा एक बाई एका चित्रापुढे इतका वेळ उभ्या होत्या की कहकशाला भरून आलं. मग कळलं, बाई चित्रावरच्या काचेत बघून केस सारखे करत होत्या. नाशिकला एक गृहस्थ आल्या आल्या अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम!’ लिहून मोकळे झाले आणि मग त्यांनी प्रदर्शन कुठल्या मजल्यावर आहे ते विचारलं. त्या मानाने आपल्या खान्देशातली माणसं सरळ. हाताने काढलंय की मशीनवर, असं तोंडावर विचारतात, बोट लावून खात्री करून घेतात आणि पंख्याखालची खुर्ची धरतात.

कहकशाला या सगळ्याचा राग येत नव्हता. तिला फक्त एकदा, एकदाच, स्वतःचं चित्र भिंतीवर लागलेलं पाहायचं होतं. खाली चिठ्ठीवर नाव: कहकशा नूर महंमद. बस. सरांनी दिवाळीतच शब्द दिला होता, “जळगावच्या प्रदर्शनात तुझं एक लावू. तू आधी बाकीची तयारी बघ.” तिने बाकीची तयारी बघितली. चार महिने बघितली.

तिचं चित्र होतं भागाबाईचं. भागाबाई कॉलेजात झाडलोट करायची. मूळची साक्रीकडची, नवरा वारून वीस वर्षं झालेली. कहकशाने तिला रविवारी स्टुडिओत पालथ्या बादलीवर बसवलं होतं. “मना काय फोटो काढस पोरी, कोनी देखाव नही,” असं म्हणत म्हणत ती बसली आणि मग मात्र सहा रविवार हलली नाही. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, हात मांडीवर आणि नजर समोरच्याच्या थेट डोळ्यांत. चित्र पुरं झालं तेव्हा अब्बांनी दुकानातली सगळ्यात चांगली सागवानी पट्टी काढली आणि फ्रेम स्वतःच्या हाताने केली. एरवी ते पोरीच्या चित्रांकडे मान डोलावून बघायचे आणि गिऱ्हाइकाकडे वळायचे. या खेपेला त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. उद्घाटनाच्या दिवशी दुकान बंद ठेवून जळगावला येतो म्हणाले.

सरांच्या प्रदर्शनाचं नाव ‘आदिगंध’. एकतीस चित्रं, एकतीस आदिवासी स्त्रिया, आणि त्या सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. तीच लांब मान, तेच मिटलेले डोळे, डोक्यावर तोच हंडा. त्यातल्या एकीनेही कधी लाकूड फोडलं असेल असं हातांवरून वाटत नव्हतं. सर आदिवासी जीवनाच्या शोधात आजवर पिंपळनेरच्या स्टँडपर्यंत जाऊन आले होते, तेही परतीची गाडी लगेच होती म्हणून. पण माहितीपत्रकात ‘रानावनात वीस वर्षांची भटकंती’ असं छापलं होतं, आणि छापलेलं खोटं कोण म्हणणार?

चित्रं लावायला आदल्या दिवशी जळगावला हॉलवर पोचले, तर पहिलाच प्रश्न उंचीचा. चित्राचा मध्य पाहणाऱ्याच्या नजरेसमोर यावा असा नियम. सर म्हणाले, “पाहणाऱ्याच्या म्हणजे आबांच्या.” आबा म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आणि उद्याचे उद्घाटक. त्यांची उंची जेमतेम पाच फूट. झालं, एकतीसच्या एकतीस बायका खाली सरकल्या. कहकशाने टेप लावून खुणा केल्या, खिळे मारले, दोऱ्या सारख्या केल्या. भागाबाईलाही झाडायला म्हणून टेम्पोतून आणलं होतं. ती खिळ्यांबरोबर पडलेला चुना गोळा करत मागून येत होती. शेवटच्या भिंतीवर दरवाजाजवळ कहकशाने स्वतःचं चित्र लावलं आणि लांब जाऊन पाहिलं. भागाबाईनेही पाहिलं आणि त्याच्या खालची फरशी दोनदा पुसली.

सकाळी सर आले. हॉलभर फिरले, स्वतःच्या प्रत्येक चित्रापुढे थोडे थांबले, आणि दरवाजाजवळ येऊन म्हणाले, “हे काढ.”

“सर?”

“सुगंधाबाईंचा मोर लावायचाय इथे. काचेवर केलाय त्यांनी. हॉल त्यांच्या यजमानांचा आहे, फुकट मिळालाय, हे लक्षात घे.”

“सर, दुसरीकडे कुठे लावू? बाहेरच्या व्हरांड्यात सुद्धा चालेल.”

सरांनी चित्राकडे नजर टाकली. “खरं सांगू का, यात ग्रामीण स्त्री दिसतच नाही. ना दागिना, ना हंडा. आणि बघते फार. प्रेक्षकाला अवघडल्यासारखं होतं. पुढच्या वेळी नक्की हं.”

कहकशाने चित्र उतरवलं. शेवटच्या वर्षाचे मार्क सरांच्या हातात होते. तिने बाजूच्या खोलीत नेऊन ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि मोराला खिळा मारला. एवढ्यात फोन वाजला. पलीकडून अब्बा बसमधून ओरडून सांगत होते, “बेटा, पारोळा सोडलं! जागा मिळाली खिडकीची!” ती म्हणाली, “या, अब्बा.”

अकराचा कार्यक्रम साडेबाराला उभा राहिला. टेबलावर समई, नारळ, हार, कुंकवाची वाटी, सगळं होतं. नव्हती ती प्रतिमा. या संस्थेचा कुठलाही कार्यक्रम, मग तो शिष्यवृत्तीचा असो की पाण्याच्या टाकीचा, मातोश्रींच्या प्रतिमापूजनाशिवाय सुरू होत नसे. मातोश्री म्हणजे आबांच्या आई. त्यांचा फोटो देवपूरच्या ऑफिसात असायचा आणि कार्यक्रमाच्या गावी आधी जायचा. या वेळी तो ऑफिसातच राहिला होता. हे लक्षात आल्यावर क्लार्क तोतारामच्या पायाखालची जमीन सरकली, कारण तेवढ्यात आबांची गाडी दारात लागली होती.

आता मातोश्री दिसायला कशा, हे संस्थेत कुणालाच ठाऊक नव्हतं, ही यातली खरी गंमत. फोटोवर चंदनाचे हार इतके साठले होते की आत पदराची किनार आणि नाकाचा शेंडा एवढंच काय ते दिसे. आबा स्वतः चार वर्षांचे असताना आई गेली. फोटो म्हणजे खरं तर चित्रच होतं, पुढे आत्याच्या सांगण्यावरून एका पाट्या रंगवणाऱ्याने काढलेलं. तोतारामने एकोणीस वर्षं त्या फोटोला हार घातले आणि एकदाही आत डोकावला नाही. तो बाजूच्या खोलीत धावला. भिंतीशी एक भारी सागवानी फ्रेम होती. उलटी केली तर म्हातारी बाई, डोक्यावर पदर. कुणीतरी आधीच आणून ठेवलाय, म्हणत त्याने देवाचे आभार मानले आणि प्रतिमा टेबलावर मांडली.

कहकशा दारात फीत आणि कात्रीचं ताट धरून उभी होती. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, ती वळली, आणि पाहते तो भागाबाई समईमागून सगळ्या हॉलकडे बघत होती.

तिने सरांकडे पाहिलं. सरांनीही ओळखलं होतं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आबा पुढे झाले. त्यांनी हार घातला. अंगठा कुंकवात बुडवून भागाबाईच्या मोकळ्या कपाळावर ठसठशीत टेकवला. मग खाली वाकून फ्रेमला डोकं लावलं. त्यांच्यामागे सुगंधाबाई वाकल्या, सर वाकले, विश्वस्त मंडळ ओळीने वाकलं. हॉलच्या शेवटी चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली भागाबाई तोंड उघडं टाकून स्वतःची पूजा बघत राहिली. आणि शेवटच्या रांगेत नुकतेच येऊन बसलेले नूर महंमद शेजारच्याला सांगत होते, “ते चित्र माझ्या मुलीचं. फ्रेम माझी.”

आबा बोलायला उभे राहिले. दोन वाक्यांतच त्यांचा आवाज भरून आला. “चाळीस वर्षं मी या प्रतिमेला नमस्कार करतोय. पण आज पहिल्यांदा वाटलं, आई माझ्याकडे बघतेय. हे डोळे बघा. यात कष्ट आहेत, करारीपणा आहे. असली माणसं आता होत नाहीत.” त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. हॉलमध्ये चार-दोन नाकं ओढल्याचे आवाज आले. कहकशाला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, कारण तिच्या चित्राबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

“ही प्रतिमा नव्याने करून घेतलेली दिसते,” आबा म्हणाले. “कुणी काढली?”

सुकदेव सर उठले. त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा आबांच्या ओल्या डोळ्यांकडे. “आबा, विभागातर्फे ही छोटीशी भेट,” ते म्हणाले आणि मान नम्रपणे खाली घातली. “मीच प्रयत्न केलाय, आपल्या परीने.”

टाळ्या सुरू झाल्या. शेवटच्या रांगेत नूर महंमदांचे हात मात्र हवेतच थांबले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. रागाने नाही, काहीतरी आपल्याला कळलं नाही अशा चेहऱ्याने. तेवढं कहकशाला पुरे झालं. मार्क गेले खड्ड्यात.

“सर, ते चित्र माझं आहे,” ती मोठ्याने म्हणाली. टाळ्या विरल्या. “आणि आबा, माफ करा, त्या तुमच्या आई नाहीत. त्या भागाबाई आहेत. मागे चहा घेऊन उभ्या आहेत त्या.”

शंभर माना मागे वळल्या. भागाबाईने ट्रे सांभाळत पदर सावरला. “हा फोटो मनाच शे,” ती म्हणाली. “हार कसाले घाला बाप्पा? मी आजून जित्ती शे ना!”

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा हॉलच हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा ट्रे धरलेल्या बाईकडे. मग डोळे पुसलेल्या त्याच रुमालाने अंगठ्याचं कुंकू पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. “काढा ते,” एवढंच म्हणाले. तोतारामने हार ओढून काढला, चित्र टेबलावरून उचलून भिंतीशी जमिनीवर ठेवलं आणि त्या जागी नारळ सरकवला. दोन मिनिटांपूर्वी ज्या डोळ्यांत करारीपणा होता, त्यांच्यासमोर आता खुर्च्यांचे पाय होते. सूत्रसंचालकाने घसा साफ केला आणि सुगंधाबाईंच्या मोराबद्दल दोन शब्द बोलायला सुरुवात केली.

कहकशा पुढे गेली आणि तिने चित्र उचललं. ती बाजूच्या खोलीकडे वळली नाही. हॉलमधून बाहेर जायला दार एकच होतं. ती दारात जाऊन उभी राहिली आणि चित्र छातीशी, लोकांकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सर तरातरा आले. “तमाशा करू नकोस. ठेव ते आत.”

“नाही ठेवणार, सर.”

“परिणाम माहिती आहे ना?”

“आहे,” ती म्हणाली. तिने फ्रेम थोडी वर सरकवली.

फ्रेम जड होती. थोड्या वेळाने नूर महंमद उठून आले. “एक बाजू मला दे,” म्हणाले आणि खालचा कोपरा पंजावर घेतला. भागाबाईने ट्रे खाली ठेवला आणि ती येऊन चित्राच्या शेजारी उभी राहिली. लोक चहा पिऊन निघायला लागले. दारातून जाताना आधी चित्राकडे बघायचे, मग भागाबाईकडे, मग पुन्हा चित्राकडे. तीन वर्षांत एखाद्या चित्राकडे कुणी दोनदा पाहिलेलं कहकशाला आठवत नव्हतं. एका पोराने विचारलं, “हिच्या कपाळावरचं लाल तुम्ही काढलंय का?” ती म्हणाली, “नाही, ते आबांनी काढलंय.”

तेवढ्यात आबाच आले. मागे सर, मागे विश्वस्त. दारात त्यांना थांबावंच लागलं, कारण चित्र आणि चौकट यांच्यामध्ये एका माणसापुरतीच वाट होती. भागाबाईने हात जोडले.

“आबा, पाया पडनात त्यामा काय बिघडनं?” ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली. “मी बी कोनी तरी मायच शे.”

आबांनी चित्राकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. मग ते अंग चोरून बाहेर पडले आणि पायरीवर चपला शोधू लागले.