गाण्याचं गाव

“ठोके कुठे गेले गं?” मॅडमनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

टेपवाली हातातली फीत गुंडाळत राहिली. ध्वनिसंग्रहाच्या विभागात तिला सगळे टेपवालीच म्हणत. जुन्या, चिकट झालेल्या टेपा मंद आचेच्या पेटीत शेकायच्या, फीत सुटली की ती वाजवून संगणकात घ्यायची आणि मग खरखर काढून आवाज स्वच्छ करायचा, हे तिचं काम. शिपाई रोज दारातून डोकावून “आज काय भाजलंय?” असं विचारून तिला छळायचा, आणि तीही रोज “तुझं डोकं” म्हणून त्याला परतवायची.

“कसले ठोके?” तिने विचारलं. उगाचच. तिला पक्कं ठाऊक होतं.

“मूळ टेपेत आहेत की. ही बाई कांडता कांडता गातेय. तू हिच्या हातातलं मुसळच काढून घेतलंस!”

ही बाई म्हणजे टेपवालीची आई. तरुणपणी, लग्नाच्याही आधी, कुणी एक अभ्यासक ध्वनिमुद्रणाचं मशीन घेऊन त्यांच्या वस्तीत आला होता आणि त्याने तिला गायला लावलं होतं. टेप कुठे गेली ते पुढे कुणालाच कळलं नाही. आई गेल्यावर ती अचानक मॅडमच्या हाती आलेल्या एका खोक्यातून निघाली.

मॅडमचं काम मोठं होतं. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून नेलेली, जिथे विकली तिथे रुजलेली माणसं. त्यांच्या पोराबाळांची, नातवंडांची गाणी जगभरातून गोळा करायची. संगणक चाली नि ठेके ताडून पाहायचा आणि एक गाणं दुसऱ्याशी जुळलं की नकाशावर रेघ ओढायचा. टेपवाली त्याच माणसांच्या वंशातली. भिंतीवरच्या पडद्यावर दुसऱ्यांच्या गाण्यांना रेघा फुटताना ती बघायची आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. आईच्या गाण्यातल्या शब्दांचा अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता. शेवटच्या आजारात आई म्हणाली होती, “त्या गाण्याचं गाव कुठलं, ते तुझ्या मशीनला विचार गं. मला नाही कळलं, तुला तरी कळू दे.”

आणि मशीन म्हणत होतं, कुठेच जुळत नाही.

“मला तिचा आवाज हवा होता, मॅडम,” टेपवाली खाली बघत म्हणाली. “मी तिला तशी कधी ऐकलीच नव्हती. माझ्या लहानपणापासून तिचा घसा बसलेलाच. इथे बघा ना, कशी खणखणीत गातेय! आणि दर ओळीला तो मेला दणका मध्ये यायचा. मग बसले आणि एकेक पुसून काढला.”

मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“माझी आई असती तर मीही हेच केलं असतं,” त्या म्हणाल्या. “पण मशीनला ठेका लागतो गं. मूळ प्रत आहे ना? घाल तीच. आहे तशी.”

मुसळासकट आई पुन्हा गाऊ लागली. टेपवालीने डोळे मिटून घेतले. या वेळी तिला आवाजामागचे हातही ऐकू आले. दमलेले, तरी न चुकणारे.

रेघ निघाली. टेपवाली उठून पडद्यापाशी गेली. रेघ आफ्रिकेकडे वळली नाही. ती त्या खंडाला बगल देऊन सरळ पुढे गेली आणि दूरच्या एका निराळ्याच किनाऱ्यावर थांबली.

“तिथेही आपल्याकडच्यासारखीच आणून उतरवलेली माणसं आहेत,” मॅडम हलकेच म्हणाल्या. “गाणं दोन्हीकडे गेलं. निघालं कुठून, ते मात्र यातून नाही कळत.”

तिथल्या संग्रहालयाने दोन दिवसांनी त्यांच्या टेपेची प्रत ईमेलने पाठवली, सोबत त्यातल्या बोलण्याचं भाषांतर. गाणाऱ्या म्हातारीला कुणीतरी मध्येच गाण्याचा अर्थ नि गाव विचारलं होतं. ती हसून म्हणाली होती, “मला काय ठाऊक? आजी म्हणायची. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.” टेपवाली ते वाचून स्वच्छतागृहात गेली, पोटभर रडली, तोंड धुऊन परत आली आणि पुढची टेप पेटीत ठेवली.

संध्याकाळी ती मावशीकडे गेली. आईच्या पाठची ही एकच बहीण उरली होती. चपला काढायच्या आतच मावशीने विचारलं, “सापडलं का गं गाव?”

टेपवालीने मोबाइलवर गाणं लावलं. मावशीचा चेहरा उजळला.

“ताईच की ही!”

“नाही गं मावशी. ही दुसरीच. समुद्रापलीकडची.”

“उगाच काहीतरी!” मावशी पुन्हा कान देऊन ऐकू लागली. मग सावकाश मान हलवली. “खरंच की. तिसऱ्या ओळीला ही वर चढते, ताई खाली यायची. पण कांडतेय बघ कशी, अगदी आपल्यासारखी. हिला विचार ना गाव.”

“विचारलं होतं. तिलाही माहीत नव्हतं.”

“आता आहे का ती?”

“नाही. कधीच गेली.”

“म्हणजे तीही विचारत विचारतच गेली म्हणायची,” मावशी म्हणाली.

दोघी कॉटवर टेकल्या. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरून वाहू लागली. टेपवाली मोबाइल पर्समध्ये टाकायला गेली, तशी मावशीने तिचा हात धरला.

“थांब. परत लाव.”

मग मावशी भिंतीकडे सरकली. टेपवालीलाही तिने हाताने थोडं पलीकडे सारलं. दोघींच्या मध्ये एक माणूस नीट बसेल एवढी जागा झाली, तेव्हा चादरीची सुरकुती काढून ती म्हणाली, “हं, आता लाव.”